टीव्हीवरच्या मुंग्या आणि विश्वाचा कुंभार

बसा अशी ऐसपैस. कंदिलाची वात जरा खाली घेतो, म्हणजे किडे कमी येतील. आज मुंग्यांची गोष्ट सांगायची आहे, पण वारुळातल्या नव्हे, टीव्हीतल्या. तुमच्यातल्या धाकट्यांनी त्या पाहिल्याही नसतील, कारण आताच्या टीव्हीला चित्र मिळालं नाही की तो निळा पडदा करून गप्प बसतो. पण आमच्या आळीत पहिला टीव्ही आला, लाकडी शटरचा, काळापांढरा, तेव्हा त्याच्यावर चित्रापेक्षा मुंग्याच जास्त दिसायच्या. १९८७ साल होतं. रविवारी सकाळी रामायण लागायचं, आणि धारा काढून, शेणघाण उरकून, डोक्यावरून न्हाऊन अख्खी आळी आमच्या पडवीत दाटीवाटीनं बसायची. टीव्हीला हळदकुंकू, झेंडूची माळ, पुढं उदबत्ती. अँटेना वेळूच्या काठीला बांधून कौलांवर उभा केलेला, आणि त्यावर एखादा कावळा बसून उडाला की संपलं, त्याचं तोंड फिरायचं आणि पडद्यावर खरखर करत मुंग्यांचं वादळ उठायचं. मग एक पोरगा कौलांवर, एक अंगणात, एक टीव्हीपाशी, अशी निरोपानिरोपी चालायची. "आलं का रं?" "न्हाय, मुंग्याच हायेत!" "आता?" "जरा डावीकडं घे, अजून मुंग्याच!" आणि या गोंधळात माझी आई त्या मुंग्यांपुढं हात जोडून बसलेली. मी म्हणायचो, "आई, हात खाली घे, देव अजून यायचाय." ती म्हणायची, "येईल की. तोवर हात काही दुखत न्हाईत."

पुढं कितीतरी वर्षांनी, शाळेत विज्ञान शिकवता शिकवता, मला त्या मुंग्यांचं कुळ कळलं आणि मी चटकन आईची ती बसायची जागा आठवून गप्प झालो. त्यातल्या बहुतेक मुंग्या इकडच्यातिकडच्याच असतात, काही विजेच्या कडकडाटातून आलेल्या, काही टीव्हीच्याच पोटातल्या. पण शंभरातली एखादी मुंगी अशी असते की ती विश्वाच्या बाळपणापासून चालत आलेली असते. आपलं हे विश्व सुमारे १३८० कोटी वर्षांचं. अगदी सुरुवातीला ते इतकं तापलेलं होतं की त्यात अणूसुद्धा धड टिकत नव्हता, नुसते सुटे कण सैरावैरा पळत होते, आणि भाताच्या खाचरावर पहाटे दाट धुकं पडावं आणि बॅटरीचा उजेड हातभर पुढं जाऊ नये, तसा सगळा उजेड त्या कणांत अडकून पडला होता. विश्व फुगत गेलं, निवत गेलं, आणि ३ लाख ८० हजार वर्षं झाली तेव्हा इलेक्ट्रॉन प्रोटॉनच्या पाठीशी लागून स्थिर झाले, धुकं निवळलं, आणि तो कोंडलेला उजेड एकदाचा मोकळा सुटला. तो अजून चालतोच आहे. चालता चालता विश्वाबरोबर तोही ताणला गेला, हजारपटीहून जास्त ताणला गेला, म्हणून आता तो डोळ्यांना दिसत नाही, रेडिओसारखा ऐकावा लागतो. पण आहे इथंच. या कंदिलाभोवती, तुमच्या मुठीत, साखरेच्या खड्याएवढ्या जागेत त्याचे सुमारे ४०० कण या घडीला आहेत. म्हणजे बघा, आई ज्या देवाची वाट बघत बसली होती तो यायच्या आधी पडद्यावर जे नाचत होतं, त्यात या विश्वातला सगळ्यांत म्हातारा उजेड होता.

हा उजेड सापडला तोही कबुतरांच्या भानगडीत. अमेरिकेत न्यू जर्सीत होल्मडेल नावाचं गाव आहे, तिथं बेल प्रयोगशाळेचा एक मोठा कर्ण्याच्या आकाराचा अँटेना होता, आपल्या लग्नातल्या कर्ण्यासारखाच, पण आत माणसं चालत जातील एवढा. १९६४ साली आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन हे दोघं त्यावर आकाश ऐकत होते, आणि त्यांच्या कानामागं एक बारीक खरखर लागली ती जाईना. अँटेना इकडं फिरवा, तिकडं फिरवा, दिवसा ऐका, रात्री ऐका, उन्हाळ्यात ऐका, हिवाळ्यात ऐका, खरखर तेवढीच. न्यूयॉर्क शहराकडं तोंड केलं तरी तेवढीच. मग आत बघतात तर कबुतरांच्या जोडीनं तिथं संसार थाटलेला आणि सगळीकडं विष्ठेचा पांढरा लेप. त्यांना वाटलं, सापडला चोर! कबुतरं सापळ्यात धरून लांब पाठवून दिली, तर ती घरच्या वाटेला लागून परत हजर. शेवटी बिचारी जिवानिशी गेली. दोघांनी कर्णा घासूनपुसून लख्ख केला, आणि खरखर तशीच. तो सापळा आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात जपून ठेवला आहे, आणि मला विचाराल तर तो तिथं असण्याच्याच लायकीचा आहे. इकडं हे कबुतरांच्या मागं लागलेले, आणि तिकडं जवळच्याच प्रिन्स्टनला रॉबर्ट डिकी यांची मंडळी नेमका हाच उजेड शोधायला यंत्र बांधत होती. त्यांच्याही आधी, १९४८ साली, राल्फ आल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी कागदावर हिशेब करून सांगितलं होतं की असा निवलेला उजेड उरला असणार, पण त्यांचं कुणी मनावर घेतलं नव्हतं. १९६५ साली एक फोन झाला, दोन टोकं जुळली, आणि कळलं की ही खरखर म्हणजे विश्वाच्या आरंभीच्या भट्टीची उरलेली ऊब आहे, आता निवत निवत उणे २७० अंशांवर आलेली. १९७८ साली पेन्झियास आणि विल्सन यांना नोबेल मिळालं.

आता तुम्ही म्हणाल, आजोबा, भट्टी होती तर भट्टी लावणारा कोण? थांबा, त्याच वाटेवर आहे मी. पण त्याआधी एका पाद्र्याला भेटायचं आहे.

बेल्जियममध्ये जॉर्ज लमेत्र नावाचा माणूस होता. १८९४ सालचा जन्म. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात लढला, युद्धातून आला आणि एकीकडं गणित, दुसरीकडं देव, अशी दोन्ही बिऱ्हाडं त्यानं एकाच घरात थाटली. १९२३ साली त्यानं कॅथलिक धर्मगुरूची दीक्षा घेतली आणि त्याच साली केंब्रिजला आर्थर एडिंग्टन यांच्याकडं शिकायला गेला. आइन्स्टाइनची गुरुत्वाकर्षणाची समीकरणं त्यानं उलगडून बघितली, आणि १९२७ साली लिहिलं की हे विश्व एका जागी बसलेलं नाही, ते पसरतं आहे. पसरतं म्हणजे कसं, ते तुम्हाला भोगीच्या दिवशी दिसेल. तुमची आजी बाजरीची भाकरी थापते ना, तीळ लावलेली? तिच्या हाताखाली भाकरी वाढत जाते तसा प्रत्येक तीळ शेजारच्या तिळापासून लांब जातो. तीळ काही चालत नाही, भाकरीच वाढते. कुठल्याही तिळावर बसून बघा, बाकीचे सगळे आपल्यापासून पळताहेत असंच वाटणार, आणि जो जितका लांब तो तितका जोरात. दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे अफाट समूह, हेच ते तीळ. त्याच साली ब्रुसेल्सला आइन्स्टाइन भेटले तेव्हा ते लमेत्रला म्हणाले की तुझं गणित बरोबर आहे, पण तुझं भौतिकशास्त्र भयंकर आहे. दोन वर्षांनी एडविन हबल यांनी दुर्बिणीच्या मोजमापांवरून दाखवलं की जितकी लांब दीर्घिका, तितकी जास्त तिची पळ. त्या नियमाला हबलचं नाव पडलं, आणि लमेत्रचं नाव त्याच्याशेजारी लागायला २०१८ साल उजाडावं लागलं.

भाकरी पसरते आहे, तर उलट जाऊन बघा: आधी ती लहान होती, त्याआधी गोळा होता. लमेत्रनं १९३१ साली ‘नेचर’ या नियतकालिकाला एक छोटंसं पत्र धाडलं, त्यात म्हटलं की सुरुवातीला सगळं विश्व एकाच अणूत, आदिअणूत, सामावलेलं असावं. झालं! अंगात झगा घातलेला पाद्री सांगतो की विश्वाला सुरुवात आहे, म्हटल्यावर अनेक शास्त्रज्ञांच्या भुवया चढल्या. त्यांना वाटलं, यानं बायबलातली सृष्टीची कहाणी मागच्या दारानं आत आणली.

त्यात सगळ्यांत तिखट होते केंब्रिजचे फ्रेड हॉइल. देव न मानणारे, बोलायला कडक. त्यांनी, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी १९४८ साली वेगळाच विचार मांडला: विश्वाला सुरुवातच नाही, ते पसरतं, आणि पसरून पडणाऱ्या मोकळ्या जागेत नवं द्रव्य हळूहळू जन्मतं, म्हणून ते कायम सारखंच दिसतं. गावची नदी असते तशी, पाणी रोज नवं आणि नदी तीच. १९४९ साली बीबीसीच्या रेडिओवर बोलताना त्या दुसऱ्या, आरंभ मानणाऱ्या कल्पनेला हॉइल यांनीच ‘बिग बँग’ म्हटलं, आपण ज्याला महास्फोट म्हणतो ते, आणि विरोधकानं ठेवलेलं नाव बाळाला कायमचं चिकटलं. याच हॉइल यांच्याकडं पुढं आपला कोल्हापुरात जन्मलेला, बनारसला वाढलेला जयंत नारळीकर शिकायला गेला, आणि १९६४ साली गुरुशिष्यांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला. त्या मुंग्यांच्या शोधानंतर जगातले बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाकडं वळले, पण नारळीकर शेवटपर्यंत प्रश्न विचारत राहिले. १९९३ साली हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासोबत त्यांनी सुधारलेली, विश्व आलटून पालटून फुगतं आणि आक्रसतं अशी कल्पना पुढं ठेवली. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधनसंस्था उभी केली, मराठीत विज्ञानकथा लिहिल्या, आणि २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. मला त्यांच्याविषयी फार आदर आहे, तो ते बरोबर होते म्हणून नव्हे. पुरावा पुरेसा आहे की नाही, हे बहुमताकडं न बघता पुन्हा पुन्हा विचारायची ती हिंमत फार थोड्यांत असते.

आता यातली गंमत ध्यानात घ्या. आरंभ सांगणारा होता पाद्री, आरंभ नाकारणारा होता नास्तिक, तेव्हा लोकांना वाटलं हा देव आहे-नाहीचाच तंटा आहे. १९५१ च्या नोव्हेंबरात पोप बारावे पायस यांनी तर भाषणातच सांगून टाकलं की विज्ञान आता मागं जात जात सृष्टीच्या पहिल्या प्रकाशाला साक्ष द्यायला लागलं आहे. कुठल्याही पाद्र्याला हे ऐकून आनंद व्हावा, की नाही? लमेत्र अस्वस्थ झाला. पुढच्या साली रोमला खगोलशास्त्रज्ञांचा मोठा मेळा भरायचा होता, त्याआधी तो स्वतः रोमला गेला, पोपच्या वेधशाळेच्या प्रमुखांशी बोलला, आणि त्या मेळ्यात पोपनी तो विषय काढला नाही. लमेत्रचं म्हणणं सरळ होतं: आदिअणू हा माझा तर्क आहे, तो उद्या खोटा ठरू शकतो, मग त्याच्या खांद्यावर देवाला बसवून तुम्ही त्यालाही पाडणार का? मातीच्या भिंतीला फट पडली की आपण चिखल लिंपतो, तसा देव जिथं तिथं विज्ञानाच्या फटीत लिंपायचा, आणि फट बुजली की खरवडून काढायचा, हे त्या श्रद्धावान माणसाला सोसवेना. मलाही सोसवत नाही. मी माळकऱ्याच्या घरातला, पंढरीची वाट पायांखालची. पण माझा विठोबा त्या फटीत मावणारा नाही.

बरं, पण करणारा हवाच ना? हा वाद काही युरोपात जन्मला नाही, आपल्याकडं तो हजार वर्षांपूर्वी कडाक्यानं झाला आहे. न्यायशास्त्राचे पंडित म्हणायचे, मडकं आहे म्हणजे कुंभार आहे; जग हेही एक मडकंच, त्याला कर्ता हवा. मिथिलेच्या उदयनाचार्यांनी यावर ‘न्यायकुसुमांजली’ हा ग्रंथ रचला. त्यांची एक कथा सांगतात की ते जगन्नाथपुरीला दर्शनाला गेले आणि मंदिराचं दार बंद! तेव्हा ते देवावरच रागावले आणि म्हणाले, आज तू तोऱ्यात आहेस, पण बौद्ध पंडित येऊन वाद घालतात तेव्हा तुझं असणं माझ्यावर अवलंबून असतं, हे विसरू नको. उलट वेरूळचं कैलास लेणं ज्या राष्ट्रकूटांच्या राजवटीत कोरलं गेलं, त्यांच्याच घराण्यातल्या अमोघवर्षाचे गुरू, जैन आचार्य जिनसेन, नवव्या शतकात ‘आदिपुराणा’त विचारत होते की देवानं जग केलं म्हणता, तर जग होण्याआधी तो होता कुठं, आणि जग करायला त्यानं द्रव्य कुठनं आणलं?

लहानपणी मी आमच्या कुंभारआळीत तासन्‌तास बसायचो. चाकावरची माती वर येते, पोटाशी फुगते, गळ्याशी आवळते, ते बघताना भूक विसरायची. एकदा मी कुंभारबाबांना म्हटलं, तुम्ही मडकं काहीच नसताना करता. ते हसले, थापटणं खाली ठेवलं आणि म्हणाले, "काहीच नसताना? आरं, माती तळ्याची, लीद त्या गाढवाची, पाणी इहिरीचं, आव्याला लाकूड रानातलं. म्या निस्ता आकार देतो." जिनसेनांचा प्रश्न मला आमच्या आळीतच कळला होता, हे मला म्हातारपणी उमगलं. कुंभाराचा दाखला जगाच्या आतल्या वस्तूंना लागू पडतो. सगळ्या मातीच्याच जन्माचा प्रश्न आला की तो दाखला हातातून निसटतो.

मग काही शास्त्रज्ञ म्हणतात, मातीही लागत नाही. कसं ते ऐका. द्रव्याची ऊर्जा ही जमेची बाजू, आणि गुरुत्वाकर्षणाची ऊर्जा ही नावेची बाजू, कारण एकमेकांना धरून बसलेल्या वस्तू लांब करायला ऊर्जा खर्चावी लागते. किराणावाल्याच्या वहीत जमा आणि नावे सारखी झाली की खाली शून्य. साऱ्या विश्वाची बेरीज तशीच शून्य असेल, तर काहीच खर्च न होता ते जन्मू शकेल. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज गॅमो यांनी आठवण लिहून ठेवली आहे की प्रिन्स्टनच्या रस्त्यानं चालताना त्यांनी आइन्स्टाइनना सांगितलं की पास्कुआल जॉर्डन यांच्या विचारानं पाहिलं तर एखादा तारा शून्यातून जन्मू शकतो, कारण त्याची बेरीज शून्य होते. आइन्स्टाइन जागच्या जागी थबकले. आणि ते दोघं होते रस्त्याच्या मधोमध, त्यामुळं गाड्याही थबकल्या! मला ते चित्र फार आवडतं: विस्कटल्या केसांचा म्हातारा भर रस्त्यात उभा, पुढं गाड्यांची रांग, आणि त्याच्या डोक्यात शून्यातून उगवणारा तारा. १९७३ साली एडवर्ड ट्रायन यांनी हाच हिशेब साऱ्या विश्वाला लावला. आणि १९८१ साली स्टीफन हॉकिंग यांनी, तेही व्हॅटिकनच्याच परिषदेत, असं विश्व सुचवलं की ज्याला आरंभाची कडाच नाही. आरंभाच्या आधी काय होतं हे विचारणं म्हणजे उत्तर ध्रुवावर उभं राहून उत्तरेला काय आहे, हे विचारण्यासारखं.

मला ही कल्पना मनापासून सुंदर वाटते. पण रात्री पडल्या पडल्या एक कुसळ टोचतंच. बेरीज शून्य हे कबूल, पण वही कुठली? जमा आणि नावे मांडायचा नियम कुठला? त्यांचं ते शून्य रिकामं नसतं, त्यात पुंजयामिकीचे, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या वागण्याचे, नियम मुक्कामाला असतातच. नियम का आहेत, हे नियमांनी सांगता येत नाही. तिथं विज्ञानाची पट्टी संपते; आणि खरं सांगतो, तिथं देवाचं नाव घेतलं तरी उत्तर मिळत नाही, कारण मग तो का आहे हा प्रश्न तसाच दाराशी बसतो. तेव्हा विश्वाला निर्मात्याची गरज आहे का, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणतो, फुगायला, निवायला, तारे पेटवायला, माणूस घडवायला त्याला हात लावायची गरज कुठं दिसत नाही. ते असावंच का, याला मात्र कुणाकडं मोजमाप नाही. माझी आई हात जोडायची ती मोजमापासाठी नव्हे, आणि पेन्झियास-विल्सन कर्णा घासत होते ते आरतीसाठी नव्हे.

आमच्या त्याच टीव्हीवर १९८८ साली ‘भारत एक खोज’ लागायला लागलं. त्याच्या सुरुवातीला ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताचे बोल असायचे. त्या ऋषीची छाती बघा: सृष्टी कुठनं आली हे विचारत विचारत तो शेवटी म्हणतो की वर बसून बघणाऱ्यालाही हे ठाऊक असेल, किंवा नसेलही. तेव्हाही पोरगं कौलांवर असायचं आणि मधेच मुंग्या यायच्या.

कंदिलात तेल आहे अजून, म्हणून लमेत्रचं राहिलेलं सांगतो. १९६६ साली तो आजारी होऊन इस्पितळात पडला होता, तेव्हा त्याच्या सहकाऱ्यानं त्याला जाऊन सांगितलं की अमेरिकेत तो आरंभीचा निवलेला उजेड सापडला आहे. त्यानं ते ऐकलं, आणि त्याच साली जून महिन्यात तो गेला. आणि त्याचं ते १९३१ चं पत्र, ‘नेचर’ला धाडलेलं, त्याचा टंकलिखित मसुदा बेल्जियममध्ये त्याच्या कागदपत्रांत आहे. त्यात छापलेल्या पत्रात नसलेला एक शेवटचा परिच्छेद आहे. जो परमेश्वराला मानतो तो हेही मानतो की तो लपलेला आहे, आणि आजच्या भौतिकशास्त्रानं त्या निर्मितीवर पडदा धरला हे बघून त्याला आनंदच होईल, अशा अर्थाचा. टपालात टाकायच्या आधी त्यानं तो परिच्छेद खोडला. खोडलेला आहे, पण खालची अक्षरं वाचता येतात.